न्हाणीघराची ग्रॅनाइट फरशी : कामाच्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२४, शनिवार

भवानी पेठेतील आमच्या घराच्या न्हाणीघरातली शहाबादी फरशी सुमारे चाळीस वर्षांपूर्वीची आहे. ती तीन ठिकाणी खचली असून सांध्यांतले सिमेंट निघून गेल्यामुळे पाणी जाळीकडे न जाता दाराच्या कोपऱ्यात साचून राहते. गेल्या दिवाळीत नाना तिथे घसरले. हाड मोडले नाही, परंतु तेव्हापासून भिंतीला हात लावल्याखेरीज ते आत पाऊल टाकत नाहीत. फरशी बदलायची हे तेव्हाच ठरले होते. आज मापे घेतली आणि कामाला खऱ्या अर्थाने सुरुवात झाली.

शहाबादी दगडाला मी नावे ठेवणार नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात तो पायाला गार लागतो आणि जुन्या घरांना शोभतो. मात्र तो चुनखडीचा दगड आहे, आणि न्हाणीघर स्वच्छ करण्यासाठी आपण वर्षानुवर्षे जे ॲसिड ओततो ते चुनखडीला थेट खाते. आमच्या फरशीला पडलेले खळगे त्याचेच आहेत. म्हणून ग्रॅनाइट घ्यायचे ठरवले, तेही पॉलिश केलेले नव्हे, कारण ओल्या पॉलिशवर नानांचा पाय ठरणार नाही. पृष्ठभागावर ज्योत फिरवून वरचे स्फटिक उडवतात आणि दगड खरखरीत करतात, तो फ्लेम फिनिशचा करडा ग्रॅनाइट, एक फूट बाय एक फूट, १८ मिलिमीटर जाडीचा, अक्कलकोट रस्त्याकडील एका दुकानात पाहून आले.

खोली आतून ७५ इंच लांब आणि ५६ इंच रुंद आहे.

४ फेब्रुवारी, रविवार

आमच्या गल्लीत एक वयस्कर फरशी मिस्त्री राहतात. गुडघ्यांमुळे त्यांनी काम सोडले आहे, पण त्यांची नजर अजून पाणसळीइतकी पक्की आहे. मी कागदावर एका बाजूने सहा पूर्ण फरश्या आणि शेवटी तीन इंचांची पट्टी अशी मांडणी केली होती. त्यांनी कागद पाहिला आणि म्हणाले, ‘‘ताई, तीन इंचाची पट्टी भिंतीला लावायची म्हणजे दगडाचा अपमान आहे. पाच अख्ख्या घ्या, दोन्ही बाजूंना सारखे तुकडे टाका.’’ पाच फरश्यांचे ६० इंच आणि सहा सांध्यांचा मिळून जवळजवळ अर्धा इंच वजा केला की दोन्ही भिंतींना सव्वासात-सव्वासात इंचांचे तुकडे येतात. रुंदीच्या दिशेला चार पूर्ण फरश्या आणि मागच्या भिंतीकडे पावणेआठ इंचांची एक ओळ येते. हिशेबाने ३५ फरश्या लागतात. फुटतुटीचा विचार करून ४० मागवल्या.

सांध्यांचा आणि पात्याने खाल्लेल्या दगडाचा हिशेब कागदावर सहज विसरला जातो. प्रत्येक काप सुमारे दोन मिलिमीटर दगडाची भुकटी करतो. तीन इंचांच्या चार पट्ट्या एका फुटातून निघत नाहीत, तीनच निघतात, हे मला याआधी कधी सुचले नव्हते.

१० फेब्रुवारी, शनिवार

फरशी कापण्याचे काम मी स्वतः करणार आहे, आणि त्याचे कारण नोंदवून ठेवणे मला आवश्यक वाटते. कापण्यासाठी ज्यांना विचारले त्यांनी पाणी लावून कापायला नकार दिला. पाण्यात काम हळू होते, कोरडे दोन तासांत उरकतो, असे त्यांचे म्हणणे होते. आमच्या अंगणातून नानांच्या खोलीची खिडकी आठ फुटांवर आहे.

नानांनी तीस वर्षांहून अधिक काळ एका कापड गिरणीच्या पिंजण खात्यात काढली. मी लहान असताना सोमवारी संध्याकाळी ते घरी आले की छाती चोळत ओट्यावर बसून राहायचे आणि आठवड्याच्या पुढच्या दिवसांत त्यांना जरा बरे वाटायचे. कापसाच्या धुळीने फुप्फुसाला होणाऱ्या आजाराची हीच खूण आहे, की सुटीनंतर धुळीत परत गेले की पहिल्या दिवशी छाती जखडते, हे मला पुष्कळ वर्षांनी समजले. आता त्यांची छाती आठवड्याचे सगळे दिवस तशीच असते. कोरडे कापणार आहेत असे मी त्यांना सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, ‘‘पोरी, कापूस मऊ होता, तरी त्यानं छाती धरली. हा तर दगड आहे.’’

त्यांच्या बोलण्यात तसूभरही अतिशयोक्ती नाही. ग्रॅनाइटमध्ये किमान पाचवा हिस्सा क्वार्ट्झ असतो, म्हणजे स्फटिकरूप सिलिका. पाते तिची इतकी बारीक धूळ करते की डोळ्यांना दिसणारा ढग खाली बसल्यानंतरही न दिसणारे कण हवेत तरंगत राहतात आणि थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. त्यातून होणाऱ्या सिलिकोसिसवर उपचार करून फुप्फुस पूर्ववत होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये या धुळीची गणना माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली आहे. तोंडाला बांधलेला रुमाल या कणांना अडवत नाही. म्हणून पाणी हा पहिला उपाय आणि एन-९५ मास्क हा दुसरा. एक आहे म्हणून दुसरा सोडायचा नाही, असे मी ठरवले आहे.

आज आणलेले सामान असे: चार इंची मार्बल कटर, हिऱ्याचे पाते, मास्कची पेटी, बाजूंनी बंद असलेला चष्मा, कानावर बसणारे मफ आणि रबरी बूट. ग्राइंडर घरात होता, परंतु कटरला खाली सपाट पत्रा असतो आणि कापाची खोली पक्की करता येते, त्यामुळे सरळ कापांसाठी तोच योग्य आहे. पाणी आणि वीज एकत्र येणार असल्याने वायरमनकडून अंगणाच्या जोडणीवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच प्रवाह तोडणारा स्विच, बसवून घेतला आणि त्याचे चाचणीचे बटण दोनदा दाबून तो पडतो याची खात्री केली.

११ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस वाया गेला. तो का गेला हे सविस्तर लिहिते.

नाना सकाळी सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेले आणि दुपारपर्यंत तलावाकाठीच थांबणार होते. मी फरशीवर पेन्सिलीने रेघ मारली, आईने मगमधून पाणी ओतायचे ठरले आणि कटर सुरू केला. पहिली चूक अशी झाली, की १८ मिलिमीटरची पूर्ण खोली एकाच वेळी कापायला घेतली. पहिल्या चार इंचांपर्यंत पाते बऱ्यापैकी चालले. नंतर पाण्याने पेन्सिलीची रेघ धुऊन गेली आणि आई मग भरायला वळली तेवढ्या अर्ध्या मिनिटात आवाज बदलला. आधी घशातून आल्यासारखी भरड घरघर होती, ती चढत जाऊन किंचाळी झाली. पात्याखाली नारिंगी ठिणग्यांची ओळ दिसली. पाते पुढे जाईना म्हणून मी जोर दिला, आणि ही दुसरी चूक. मशीन हातात मागे उसळले. हात दोन्ही मुठींवर होते आणि मी पात्याच्या रेषेत उभी नव्हते, एवढ्यानेच निभावले.

बंद करून पाहिले तर कापाच्या कडेला तपकिरी जळका डाग होता आणि दगडाला बोट लावताच चटका बसला. पात्याची कड, जी नवी असताना बारीक कानशीसारखी खरखरीत लागत होती, ती स्टीलच्या भांड्याच्या काठासारखी गुळगुळीत होऊन चमकत होती. फरशीचा कोपरा शेवटी मोडलाच.

१२ फेब्रुवारी, सोमवार

संध्याकाळी पाते घेऊन मिस्त्रींकडे गेले. त्यांनी त्याच्या कडेवरून अंगठ्याचे नख फिरवले आणि ‘‘झोपलंय,’’ असे म्हणाले.

त्यांनी जे समजावले ते मला या सगळ्या कामाचा गाभा वाटते. हिऱ्याचे पाते करवतीसारखे कापत नाही, कारण त्याला दातच नाहीत. धातूच्या चुऱ्यात हिऱ्याचे बारीक कण रुतवून त्याची कड केलेली असते, आणि ते कण दगड ओरबाडून घासतात. घासता घासता हिऱ्यांची टोके बोथट होतात. त्याच वेळी भोवतीचा धातू झिजला पाहिजे, म्हणजे बोथट कण गळून पडतात आणि खालचे नवे उघडे होतात. धातू किती मऊ असावा हे दगडावर ठरते. वाळूसारखा खरवडणारा माल कापायचा असेल तर धातू कडक हवा, नाहीतर पाते दोन दिवसांत संपते. ग्रॅनाइटसारख्या घट्ट आणि कठीण दगडाला मात्र मऊ धातूचे पाते लागते, कारण तो दगड हिऱ्यांना बोथट करतो पण धातूला फारसा झिजवत नाही. मी आणलेले पाते ‘सगळ्याला चालते’ म्हणून विकलेले होते. पाणी तुटले, हिरे चपटे झाले, धातू त्यांच्याभोवती तसाच राहिला आणि पाते नुसते घासून तापू लागले. अशा वेळी जोर दिल्याने फक्त उष्णता वाढते.

झोपलेले पाते जागेही करता येते. त्यांच्या अंगणात पडलेल्या जुन्या सिमेंट-वाळूच्या ठोकळ्यात त्यांनी मला पाच-सहा उथळ काप घ्यायला लावले, भरपूर पाणी ओतून. वाळूने धातू खरवडला गेला आणि कड पुन्हा नखाला लागू लागली. ते पाते ठेवले आहे; परंतु ग्रॅनाइटसाठी वेगळे, अखंड कडेचे पाते आणले. खाचांचे पाते लवकर कापते, पण त्याने कडेच्या कपच्या जास्त उडतात, आणि न्हाणीघरात अनवाणी पायांना प्रत्येक कपची लागणार आहे.

१८ फेब्रुवारी, रविवार

आज सरळ कापांपैकी अकरा झाले आणि एकही फरशी वाया गेली नाही.

पाण्याची व्यवस्था बदलली, हा सर्वांत मोठा फरक होता. आमच्या भागात नळाला पाणी काही दिवसांआड येते. उजनी धरणाच्या पाण्यावर जगणाऱ्या या शहरात अंगणात पाइप सोडून दगड कापणे मला पटण्यासारखे नव्हते. औषधांच्या दुकानातून सलाइनची नवी नळी आणली. पाच लिटरचा कॅन खिडकीच्या गजाला टांगून त्याच्या झाकणात नळी बसवली आणि दुसरे टोक कटरच्या पत्र्याला अशा रीतीने बांधले, की थेंबांची सलग धार पाते दगडात शिरते तिथेच पडावी आणि मोटारीकडे अजिबात उडू नये. नळीवरच्या चाकाने धार कमी-जास्त होते. दवाखान्यात थेंब मोजण्यासाठी असलेले ते चाक इथे इतके चपखल बसले, की पुढच्या वेळीही मी हेच करीन. कटरची वायर मशीनपेक्षा खालून वळसा देऊन नेली, म्हणजे वायरीवरून ओघळलेले पाणी वळशाच्या तळाशी गळते आणि प्लगपर्यंत पोहोचत नाही.

फरशीखाली जाड प्लायवूड ठेवून त्यावर कापाच्या दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या दिल्या, जेणेकरून सुटणारा तुकडा शेवटच्या क्षणी खाली लोंबकळून कोपरा घेऊन जाणार नाही. रेघ पेन्सिलीने न मारता गुण्या लावून अणकुचीदार खिळ्याने ओरखडली आणि तिच्यावर चिकटपट्टी लावली. कटरच्या पत्र्याला टेकण्यासाठी ॲल्युमिनियमची पट्टी दोन शिकंज्यांनी घट्ट केली. पहिला काप केवळ दोन मिलिमीटर खोल घेतला. तो वरच्या कडेची कपची उडू न देता वाट आखून देतो. त्यानंतर प्रत्येक वेळी चार-पाच मिलिमीटर, असे एकूण पाच फेऱ्यांत दगड सुटतो. शेवटच्या टोकाचा एक इंच आधीच उलट बाजूने कापून ठेवते. एका फुटाला चार मिनिटे लागतात.

चार मिनिटे ऐकायला फार वाटतात, परंतु पात्याच्या कडेचा वेग लक्षात घेतला की घाई करण्याची इच्छा राहत नाही. ११० मिलिमीटरचे पाते मिनिटाला १२,००० फेरे घेते, म्हणजे त्याची कड ताशी सुमारे २५० किलोमीटर वेगाने दगडावरून जात असते. हाताने फक्त मशीन वाटेवर धरायचे आणि त्याच्याच वजनाने पुढे सरकू द्यायचे. आवाज चढायला लागला की मागे घ्यायचे, पाते रिकामे फिरवून पाण्याखाली गार करायचे, आणि पुन्हा घालायचे. दुपारपर्यंत मला चष्म्यापेक्षा कानांनीच अधिक कळत होते, जरी कानांवर मफ होते.

१९ फेब्रुवारी, सोमवार

शिवजयंतीची सुटी. उरलेले सहा सरळ काप सकाळी दहाच्या आत संपवले, कारण त्यानंतर रस्त्यावर मिरवणुकांची गर्दी होणार होती.

कालचा करडा गाळ टबात रात्रभर ठेवला होता. सकाळी वर जवळजवळ नितळ पाणी आले, ते कपड्यातून गाळून पुन्हा कॅनमध्ये भरले. दोन दिवसांच्या सतरा कापांना मिळून दोन कॅनही पूर्ण लागले नाहीत. खाली बसलेला गाळ गटारात सोडायचा नाही, तो नळाच्या वळणात दगडासारखा घट्ट बसतो. टब उन्हात ठेवला तर गाळ वाळून पुन्हा धूळ होणार, म्हणून तो ओला असतानाच प्लास्टिकच्या पोत्यात भरून तोंड बांधले आणि राडारोड्यात दिला. याच कारणाने अंगण झाडूने न झाडता पाण्याने धुतले, आणि कामाचे कपडे बाहेरच बादलीत बुडवून मगच घरात गेले. नानांच्या खिडकीच्या गजांवर ओले फडके फिरवून पाहिले. फडक्यावर रोजच्या मातीखेरीज काही आले नाही.

२५ फेब्रुवारी, रविवार

जाळीची फरशी. सगळ्या कामातली हीच एक फरशी मला रात्री झोपताना आठवत होती.

पाणी जाण्याच्या जागी पाच इंचांची चौकोनी जाळी बसणार आहे, म्हणजे फरशीच्या मधोमध चौकोनी भोक हवे. गोल पात्याने बंद चौकोन कापताना अडचण अशी, की पाते वरून कोपऱ्यापर्यंत पोहोचते तेव्हा दगडाच्या खालच्या अंगाला ते बरेच मागे असते. माझ्या पात्याने १८ मिलिमीटरच्या दगडात हा फरक चार सेंटिमीटरच्या आसपास येतो. वरून कापून खालचा कोपरा पूर्ण करायचा म्हटले तर वरच्या अंगावर चारही कोपऱ्यांतून बाहेर गेलेल्या लांब खाचा दिसतील.

मिस्त्रींच्या सांगण्यावरून चारही कोपऱ्यांवर आधी सहा मिलिमीटरच्या हिऱ्याच्या बिटाने आरपार भोके पाडली. ड्रिलचा ठोका बंद, वेग कमी. बिट आधी तिरका टेकवून चंद्रकोरीएवढी खाच केली, मग हळूहळू सरळ केला, आणि भोवती मळलेल्या कणकेचे कडे करून त्यात पाणी भरले. कणकेची कल्पना आईची. या भोकांनी दोन कामे होतात: कोपरे मागच्या बाजूला आपोआप उमटतात, आणि कोपरा टोकदार न राहता गोल राहिल्याने दगडातला ताण एका बिंदूवर येत नाही. हे दुसरे कारण मी किंमत देऊन शिकले आहे. गेल्या आठवड्यात दाराच्या चौकटीसाठी एक खाच नुसत्या दोन कापांनी काढली होती आणि ती फरशी हातात उचलताच खाचेच्या कोपऱ्यातून तिरकी तडकली होती.

मग फरशी पालथी केली, भोकांना जोडणाऱ्या रेघा मागच्या अंगावर ओरखडल्या आणि मागूनच कापली. बाहेर गेलेल्या खाचा मागेच राहिल्या, त्या फरशीखालच्या सिमेंटच्या मसाल्यात बुडून जातील. चौथी बाजू सुटण्याआधी आतल्या तुकड्याखाली फडक्याची घडी दिली. तो खाली बसला तेव्हा काहीच आवाज झाला नाही. फरशी सुलटी केली. चारही कडा अखंड होत्या, एका ठिकाणी मोहरीएवढी कपची सोडली तर. मी ती आईला दाखवली, आणि आम्ही दोघी त्या चौकोनातून एकमेकींकडे पाहत काही क्षण तशाच उभ्या राहिलो.

३ मार्च, रविवार

मिस्त्रींच्या भाच्याने फरशी बसवली. स्वतः मिस्त्री दारात खुर्ची टाकून बसले होते आणि दोरी, पाणसळ व उतार यांवर त्यांचे लक्ष होते. उतार फुटाला दीड सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), सगळीकडून जाळीकडे. जाळीच्या फरशीखाली मसाला कुठेही पोकळ राहू नये म्हणून ती दोनदा उचलून पुन्हा बसवून घेतली, कारण मागच्या खाचांमुळे ती इतर फरश्यांपेक्षा कमकुवत आहे. बोटाच्या पेराने ठोकले की भरीव आवाज येतो. चाळीसपैकी तीन फरश्या फुटल्या: पहिल्या दिवशीची, खाचेची, आणि एक भाच्याच्या हातून. दोन शिल्लक आहेत. कापून उरलेल्या सव्वाचार आणि पावणेपाच इंचांच्या पट्ट्या स्कर्टिंगला लागल्या.

१० मार्च, रविवार

सांधे भरून आठवडा झाला. आज पाणी सोडून पाहिले. बादलीभर पाणी दाराच्या कोपऱ्यात ओतले आणि ते न थांबता जाळीत गेले.

नानांना आत नेले. त्यांनी सवयीने भिंतीकडे हात नेला, दोन पावले टाकली आणि हात खाली घेतला. मग खाली वाकून, एका हाताने दाराची चौकट धरून, त्यांनी उंबऱ्याच्या फरशीच्या कापलेल्या कडेवरून अंगठा शेवटपर्यंत फिरवला. गिरणीत धाग्यातली गाठ ते अशाच रीतीने शोधत असत. डाव्या टोकापासून चार बोटांवर अंगठा थांबला. ‘‘इथं लागतंय बघ,’’ ते म्हणाले. मला काही जाणवले नव्हते. वाकून नख फिरवले तेव्हा समजले. १२० नंबरचा पॉलिशचा दगड पाण्यात भिजवून आणला आणि ती जागा त्यांच्या समोर बसून घासली. तिसऱ्यांदा अंगठा फिरवला तेव्हा त्यांनी मान हलवली आणि टॉवेल मागितला.